दुसरा आवाज माझा

बायकोचं कौतुक चालू असताना चेहरा कसा ठेवायचा, हे मला अजून जमलेलं नाही. हसावं तर दात दिसतात आणि न हसावं तर पोटातलं दिसतं. आमच्या कारखान्यात हे कौतुक आठवड्याच्या बैठकीत व्हायचं आणि मला नेमकं तिच्याच शेजारी बसावं लागायचं. "वहिनींनी कमाल केली," असं कुणी म्हटलं की सगळे माझ्याकडे बघायचे, जणू मुलगी वर्गात पहिली आलीय आणि मी तिचा बाप आहे. मी मान डोलवायचो. आतून नुसता जळफळाट.

आमचा कारखाना डिजिटल पियानो बनवतो. त्याच्या पोटात तारा नाहीत, हातोड्या नाहीत, पण पट्टी दाबली की खऱ्या पियानोचा आवाज निघतो. हा आवाज येतो कुठून, असं लोक विचारतात तेव्हा मला बरं वाटतं, कारण त्याचं उत्तर "माझ्याकडून" असं आहे. निदान होतं. खोलीत एक खराखुरा पियानो ठेवायचा, भोवती माइक लावायचे आणि एकेक पट्टी वाजवून तिचा आवाज पार विरेपर्यंत टिपायचा, हे माझं काम. एकदा वाजवून भागत नाही. हळू दाबलेल्या पट्टीचा आवाज मोठा केला म्हणून तो जोरात दाबलेल्या पट्टीसारखा होत नाही. जोर वाढला की आवाजाचा पोतच बदलतो. म्हणून तीच पट्टी आधी कुजबुजल्यासारखी वाजवायची, मग बोलल्यासारखी, मग अंगावर खेकसल्यासारखी. पट्टी सोडताना होणारा बारीक 'टक्' वेगळा टिपायचा. पेडल दाबलं की न वाजवलेल्या तारासुद्धा हुंकार भरतात, तो वेगळा टिपायचा. हे सगळं यंत्रात भरलं की गिऱ्हाइकाच्या बोटाच्या जोराप्रमाणे त्यातला नेमका तुकडा बाहेर येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, वा, अगदी खऱ्यासारखा.

हे करताना एसी बंद, पंखा बंद, बूट दाराबाहेर, मनगटावरचं घड्याळसुद्धा बाहेर. जेवणाच्या आधी मी रेकॉर्डिंग ठेवत नाही. पोटात कावळे ओरडायला लागले तर तेही माइकला ऐकू जातात आणि मग कुणाच्या तरी दिवाणखान्यात जन्मभर ओरडत बसतील.

बायको आधी कॉलेजात गणित शिकवायची. कारखान्यात ती माझ्याच ओळखीनं लागली, हे मी कुणाला आठवण करून देत नाही. मला मात्र रोज आठवतं. ती आवाज टिपत नाही. आवाजाचं गणित मांडते. हातोडी किती कठीण, तार किती लांब, हातोडी तिच्यावर कुठे आपटली, लाकूड किती आवाज पितं, हे सगळं ती आकड्यांत बसवते आणि पट्टी दाबल्यावर यंत्र त्या क्षणी तो आवाज घडवतं. साठवून ठेवायला काही लागतच नाही. माझ्या एका पियानोला यंत्रात जितकी जागा लागते तितक्यात तिचं अख्खं दुकान मावतं.

"तुझा पियानो म्हणजे फोटोंचा अल्बम आहे," ती घरी म्हणायची. "कितीही पानं उलट, फोटो तेच."

"आणि तुझ्या पियानोच्या अंगात हाड नाही," मी म्हणायचो.

घरी ती मला अरे-तुरे करते. कारखान्यात चार लोकांपुढे मात्र "अहो". तिच्या या 'अहो'वर लोक खूश असायचे. एवढी हुशार बाई, पण बघा, नवऱ्याचा मान राखते. त्यानं तर माझं डोकं आणखीच फिरायचं. मान राखायची वेळ आलीय, हे त्यातून सगळ्यांना कळत होतं.

मग मालकांनी नव्या मॉडेलची घोषणा केली. त्यात साध्या पियानोबरोबर जुन्या इलेक्ट्रिक पियानोचा आवाज हवा होता. हल्ली लोकांना तो आवाज पुन्हा हवासा झालाय. मालकांनी मला आणि तिला एकत्रच बोलावलं. "दोघांनी करा," ते म्हणाले. "जो चांगला ठरेल तो घेऊ. आणि खरं सांगतो, गणिताचा चालला तर रेकॉर्डिंगच्या खोलीवर खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही. तिथे माल ठेवता येईल."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्हाला दुरुस्तीच्या खिडकीवर घेऊ की. तिथे अनुभवी माणूस हवाच आहे."

दुरुस्तीची खिडकी मी पाहिली आहे. चहा सांडलेले पियानो आणि पोरांनी पट्ट्यांच्या फटीत कोंबलेली नाणी. दिवसभर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचं आणि "तुम्ही सांडलं नाही, मी सांडलं नाही, मग सांडलं कुणी" असा वाद घालायचा. मी बायकोकडे पाहिलं. ती नखं बघत होती. मला वाटलं, हिला आधीपासून ठाऊक असणार. नसलं तरी मला तसंच वाटलं असतं.

जुना इलेक्ट्रिक पियानो ही चीज निराळी असते. त्यात तारांऐवजी लोखंडाच्या बारीक काड्या असतात. पट्टी दाबली की हातोडी काडीला टोला देते, काडी थरथरते आणि समोर बसवलेलं लोहचुंबकाचं वेटोळं ती थरथर पकडून स्पीकरकडे धाडतं. हळू वाजवलं तर घंटीसारखा गोड आवाज. जोरात वाजवलं तर तीच काडी गुरगुरते. काडी आणि वेटोळं यांच्यातलं अंतर केसभर बदललं तरी पट्टीचा स्वभाव पालटतो. असा एक पियानो माझ्या घरी होता. बंद पडलेल्या एका बँडकडून लग्नाच्या आधी घेतलेला. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी तो वाजवत बसायचो. वादक म्हणून मी काही फार मोठा नाही, पण तो तासभर माझा असायचा.

तोच उचलून मी कारखान्यात आणला. याच्यापुढे तिच्या आकड्यांची डाळ शिजणार नाही, अशी माझी खात्री होती. रेकॉर्डिंगआधी तो पूर्ण उघडला. हातोड्यांची झिजलेली टोकं बदलली. प्रत्येक काडी आणि तिच्यासमोरचं वेटोळं यांच्यातलं अंतर पत्र्याचं माप लावून सारखं केलं. करकरणारी पट्टी गप्प केली, आळशी पट्टी जागी केली. पाहुणे येणार म्हणून घर आवरतात ना, तसं. आमच्या धंद्यात बिघडलेलं वाद्य माइकपुढे ठेवत नाहीत. तसं केलं तर लोक म्हणतील, याला रेकॉर्डिंग येत नाही.

एका दुपारी ती दारात आली. हातात मोजमापाचा चिमटा होता.

"अहो, काड्यांची मापं घेऊ का? पाच मिनिटं."

बाहेर दोघं-तिघं उभे होते. मी म्हणालो, "वाद्य माझं, खोली माझी. तुझं गणित आहे ना? गणितानं काढ."

"निदान एकदा ऐकू तरी दे."

"रेकॉर्डिंग चालू आहे," मी म्हणालो. चालू नव्हतं. तेव्हा मी डबा खात होतो.

ती "बरं" म्हणून निघून गेली. मी त्या दिवसापासून खोलीला कुलूप लावायला लागलो. किल्ली खिशात घालून फिरायचो आणि मधूनच चाचपून बघायचो. बायकोपासून लपवायला माझ्याकडे आयुष्यात कधी काही नव्हतं; आता होतं, आणि त्याची मला मजा वाटत होती.

ती मात्र घरी जेवतानासुद्धा कानाला हेडफोन लावून बसायला लागली. डोळे मिटायची आणि टेबलावर एकाच बोटानं टकटक करत राहायची. मध्येच थांबायची, संगणकात काहीतरी बदलायची, पुन्हा टकटक. समोर नवरा बसलाय आणि ही कुणाचं तरी ऐकतेय, हे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. "मीठ दे," म्हटलं तरी ऐकू जायचं नाही. मी उठून स्वतः घ्यायचो आणि बरणी जरा आपटून ठेवायचो.

निकालाचा दिवस मालकांनी थाटात साजरा करायचं ठरवलं होतं. निकाल देणार होत्या मावशी. मावशी आमच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकांना पियानो वाजवून दाखवतात. तरुणपणी बँडमध्ये होत्या, जुने इलेक्ट्रिक पियानो त्यांच्या बोटांखालून गेलेले. मालकसुद्धा त्यांना मावशीच म्हणतात. वाजवायची पट्ट्यांची फळी एकच होती. तिला जोडलेली दोन यंत्रं पडद्यामागे. मालक मागे बसून कधी एक, कधी दुसरं चालू करणार. कुठलं कुणाचं, हे फक्त त्यांना ठाऊक. जोडणी विभागातले चारपाच जण गंमत बघायला आले होते. नवरा-बायकोचा सामना म्हटल्यावर कोण सोडतो?

मावशींनी एक संथ धून घेतली. पहिला आवाज छान होता. स्वच्छ, गोल, कुठे खोट काढायला जागा नाही. मी हाताची घडी घालून बसलो.

मग तीच धून दुसऱ्या आवाजात सुरू झाली आणि माझी घडी सुटली. मधली एक पट्टी शेजारणींपेक्षा जरा आधीच घोगरी होत होती. वरची एक किंचित रेंगाळून बोलत होती. खाली कुठेतरी पट्टी सुटताना लाकडाचा 'टक्' ऐकू येत होता. शेजारच्या खोलीत आपलं पोर खोकलं तर बघायला जावं लागत नाही, तसं मला कळलं. हा माझा. माझ्या घरचा, माझ्या सकाळचा.

धून संपली. मावशींनी मांडीवर हात ठेवले. "पहिला नीटनेटका आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यात..." आणि विचार करत थांबल्या.

मावशी चुकणार, असं मला वाटलं. त्यांच्या एका शब्दावर माझी खोली जाणार होती. माझ्यानं राहवलं नाही.

"मावशी, यात विचार कसला करायचा? दुसरा! दुसराच!"

"अहो," बायको हळूच म्हणाली.

"तू थांब. पहिला ऐकलात ना? सगळ्या पट्ट्या एका मापाच्या. शाळेचा गणवेश घालून ओळीत उभ्या केल्यासारख्या. यात माणूस कुठे आहे? साबणानं धुऊन काढलंय सगळं. हे गणित आहे, गणित! दुसऱ्यात लोखंड आहे, लाकूड आहे. इतकी वर्षं वाजवलेलं वाद्य कानाला कळतं. दुसरा आवाज माझा आहे!"

"अहो, बसा ना," ती पुन्हा म्हणाली. मला वाटलं, हरल्यामुळे म्हणतेय.

"मलाही दुसराच पटला," मावशी म्हणाल्या. "जिवंत आहे."

मी सगळ्यांकडे बघून घेतलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला माझा चेहरा सांभाळावा लागत नव्हता.

पडद्यामागून मालक बाहेर आले. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "दुसरा वहिनींचा आहे," ते म्हणाले.

"बटण उलटं दाबलं गेलं असेल."

त्यांनी पडदा बाजूला केला आणि मला स्वतःला बटण दाबायला लावलं. पहिलं यंत्र, त्यावर माझ्याच हातानं चिकटवलेली चिठ्ठी. मावशींनी पट्ट्या वाजवल्या. साबणानं धुतलेला, गणवेशातला आवाज. दुसरं यंत्र, तिचं. घोगरी पट्टी. रेंगाळणारी पट्टी. 'टक्'.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गणवेश मीच घातला होता. प्रत्येक काडीचं अंतर पत्र्याचं माप लावून मीच सारखं केलं होतं. हाताखाली वाद्य नवं झालं तरी कानात ते जुनंच राहिलं, आणि मी त्या जुन्याला ओळखलं. चारचौघांत माझ्याच कामाला नावं ठेवून मी तोंडघशी पडलो होतो. "निकाल तुम्हीच दिलात," मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोमवारपासून खिडकीवर या." जोडणीवाल्यांपैकी एकानं खोकल्याचं निमित्त केलं. बाकीच्यांना तेवढीही सभ्यता नव्हती.

व्हरांड्यात मी तिला गाठलं. "चोरलंस तू," मी म्हणालो. "माझ्या खोलीत शिरलीस आणि मापं घेतलीस."

"किल्ली कुणाच्या खिशात होती?" ती म्हणाली. "आणि घेतली असती तर तुझ्यासारखाच धुतलेला आवाज आला असता ना? अक्कल गहाण टाकलीस का रे?"

कारखान्यात तिनं मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. बाजूनं जाणाऱ्या हिशेबनीस बाई थबकल्या आणि मग भराभर चालू लागल्या.

घरी आलो. मी सोफ्यावर बसून होतो. तिनं चहा टाकला, माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि आपला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून उभी राहिली.

"त्या मधल्या पट्टीचं तुला कसं कळलं?" मी विचारलं. "कधी हात लावला नाहीस तू पियानोला."

"तेवढ्या एकाच पट्टीचं नाही. डावीकडची शेवटची थंडीत बसते आणि उन्हाळ्यात बरी होते. वरच्या काळ्या पट्ट्यांतली एक दोनदा दाबली तर दुसऱ्यांदा बोलत नाही. ते नव्या मॉडेलमध्ये घातलं नाही, गिऱ्हाइकं तक्रार करतील. पण मला येतं ते."

"कसं येतं?"

"सवतीचं सगळं पाठच असतं रे," ती म्हणाली. "मुद्दाम मोजायला लागत नाही."

मला आधी वाटलं, थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती.

"लग्न होऊन आठवडा झाला नव्हता. सकाळी जाग आली तर तू शेजारी नाहीस. त्या खोलीत तिच्यापुढे, तुझ्या त्या पियानोपुढे बसलेला. माझ्याकडे पाठ. तेव्हापासून रोज. मी इथे, या दारात उभी राहून चहा घ्यायचे, एकटी. कधी आजारी होते तेव्हासुद्धा तो तास तू सोडला नाहीस. मी तिचा आवाज ऐकायचे आणि तिच्यात खोट शोधायचे. ही पट्टी घोगरी, ती आळशी. बरं वाटायचं मला. म्हणायचे, असू दे, हिच्यातही काही कमी आहे."

"सांगायचं होतंस."

"काय सांगू? लाकडाच्या खोक्यावर जळतेय? हसला असतास आणि परत वाजवायला बसला असतास."

खरं होतं. मी हसलो असतो आणि बसलो असतो. "मला वाटलं, प्रेमानं लक्षात ठेवलंस," मी म्हणालो.

"प्रेमानं ऐकलं असतं तर तुझ्यासारखं झालं असतं. तुला त्यातलं काही ऐकूच आलं नाही कधी. म्हणून तर सगळं पुसून टाकताना तुझा हात थांबला नाही."

हे लागलं. तरी खरं सांगायचं तर पोटात कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. खोली गेली, अब्रू गेली, सोमवारी खिडकीवर बसायचं होतं. पण ही बाई, जिच्यावर मी इतके महिने जळत होतो, ती त्याच्या कितीतरी आधीपासून जळत होती, आणि जळत होती ती माझ्यासाठी. माझी मान जरा ताठ झाली. आणि ताठ मानेनं माणूस जे विचारू नये तेच विचारतो.

"आणि मी?" मी म्हणालो. "मी कसा वाजवायचो?"

तिनं चहाचा घोट घेतला. ती खोटं बोलत नाही, हा तिचा जुना दोष आहे. आठवायचा तिनं खरोखर प्रयत्न केला. भुवया जवळ आल्या, कप ओठांपाशी थांबला.

"तुझं नाही रे काही आठवत," ती म्हणाली. "माझं सगळं लक्ष तिच्याकडे असायचं."

एवढं बोलून ती कप विसळायला आत गेली. मी तिथेच बसून राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच पियानोचा हेवा वाटला.